हात आणि परात

सोनं शोधायला जायचं आणि सोबत साधं फावडंही न्यायचं नाही, हे ऐकून वहिनी आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्यासाठी तीन तास गाडीत बसायचं?" नियम मात्र खरा आहे. कॅलिफोर्नियात कोलोमा नावाचं एक चिमुकलं गाव आहे. तिथल्या राज्य उद्यानाच्या हद्दीत, ठरवून दिलेल्या वाळवंटावर, नदीतलं सोनं हौसेखातर कुणीही काढावं. पण हाताने आणि परातीने. कुदळ नाही, पहार नाही, पंप तर नाहीच नाही. जे सापडेल ते तुमचं.

पुतण्या सॅन होजेला असतो. त्याच्याकडून सकाळी लवकर निघालो. सॅक्रामेंटोपर्यंतचा रस्ता सपाट आणि कंटाळवाणा, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही. पुढे पन्नास नंबरचा हायवे सिएरा नेवाडाच्या पायथ्याला लागतो आणि टेकड्या सुरू होतात. वाळून पिवळं पडलेलं गवत, मधूनमधून ओकची पसरट झाडं, रस्त्याच्या कडेला कापलेली तांबडी माती. प्लासरव्हिल गावात डावीकडे वळलं की ४९ नंबरचा हायवे. १८४९ साली सोन्यासाठी धावत आलेल्या लोकांना इकडे फोर्टीनाइनर म्हणतात, त्यांच्यावरूनच या रस्त्याला तो नंबर दिला. रस्त्याच्या नंबरातही इतिहास जपणारं हे राज्य आहे. मात्र त्या इतिहासातलं काय जपलं आणि काय गाळलं, हे जरा थांबून पाहावं लागतं.

कोलोमात अमेरिकन नदीचा दक्षिण फाटा वाहतो. १८४८ साली, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली त्याच वर्षी, इथे जॉन सटर नावाच्या जमीनदारासाठी जेम्स मार्शल हा सुतार लाकडं कापायची पाणगिरणी बांधत होता. गिरणीचं चाक फिरवून झालेलं पाणी नदीत परत सोडणारा चर उथळ पडला होता. तो खोल करायचा म्हणून रात्रभर त्यातून पाणी सोडलं जाई आणि सकाळी मार्शल चर बघायला जाई. २४ जानेवारीच्या सकाळी त्याला तळाशी काहीतरी चमकलेलं दिसलं. त्याने ते दगडावर ठोकलं. फुटलं नाही, चपटं झालं. कामगारांचा स्वयंपाक करणारी जेनी विमर साबण बनवत होती. तिने एक तुकडा क्षाराच्या कढईत टाकून रात्रभर उकळला. सकाळी तो होता तसाच निघाला. मग मार्शल सटरच्या किल्ल्यावर गेला, तिथे आम्लाची परीक्षा झाली, तराजू लागला आणि खात्री पटली. मार्शलला सापडलेला म्हणून जो कण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवला आहे, त्याचं वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. गुंजसुद्धा त्याहून जड भरते.

पुढचं सगळ्यांना साधारण माहीत असतं. काही वर्षांत तीन लाखांच्या आसपास माणसं कॅलिफोर्नियात उतरली. ज्यांच्यामुळे हे घडलं त्यांना मात्र त्यातलं काही मिळालं नाही. सटरची जमीन लोकांनी बळकावली, त्याची गुरं मारून खाल्ली. मार्शल १८८५ साली जवळच्याच केल्सी गावात कफल्लक अवस्थेत वारला. पाच वर्षांनी त्याच्या थडग्यावर मोठा पुतळा उभा राहिला. तो अजून बोटाने सोन्याची जागा दाखवतो आहे. जिवंतपणी त्याला दिलेली पेन्शन बंद करायची आणि मेल्यावर पुतळा उभारायचा, यात अमेरिका आपल्याहून वेगळी नाही.

पैसा केला तो दुकानदारांनी. सॅम ब्रॅनन नावाच्या माणसाने आधी फावडी-पराती जमतील तेवढ्या विकत घेतल्या आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यात सोन्याच्या भुकटीची बाटली नाचवत बोंब ठोकली. वीस सेंटांची परात पंधरा डॉलरला विकली, असं सांगतात. प्लासरव्हिलमध्ये जॉन स्टुडबेकर हातगाडे बनवून विकत होता. त्या पैशावर त्याच्या घराण्याचा बग्ग्यांचा आणि पुढे मोटारींचा कारखाना मोठा झाला.

आणि ज्यांची ही नदी होती ते निसेनान लोक? उद्यानात एका सपाट खडकात गोल खळगे आहेत, ओकची फळं कुटायचे. पिढ्यान्‌पिढ्या कुटून दगड गुळगुळीत झाला आहे. गर्दी गिरणीच्या नमुन्यापाशी होती, या खडकापाशी कुणी नव्हतं. १८४८ साली कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते असा अंदाज आहे. १८७० पर्यंत ते तीस हजारांवर आले. रोगराई, उपासमार आणि उघडउघड कत्तली. शेजारी दोन दगडी इमारती आहेत, त्या एके काळी चिनी व्यापाऱ्यांची दुकानं होती. परदेशी खाणकऱ्यांवर महिन्याचा कर बसवला गेला, तो मुख्यतः चिन्यांकडून वसूल होई.

जुन्या एकेरी पुलावरून नदीच्या पलीकडे गेलं की वाळूचा आणि गोट्यांचा पट्टा लागतो. आमची सोनं धुवायची जागा ती. मी तरी एवढी मंडळी पाण्यात वाकून बसलेली असतील असं धरलं नव्हतं. शाळकरी मुलं, पेन्शनर जोडपी, गुडघ्याला पट्टे बांधलेला एक दाढीवाला, आणि नाशिककडचं एक कुटुंब. मराठी ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काही लागलं का?"

ही परात आता प्लॅस्टिकची मिळते, हिरवी किंवा काळी, म्हणजे पिवळा कण चटकन दिसतो. एका बाजूच्या उतारावर आडव्या खाचा असतात. तीत गोट्यांखालची, शक्यतो खडकाला टेकलेली वाळू भरायची. इथेच खरी मेख आहे. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, साधी वाळू पावणेतीन पटींच्या आत. पुरात नदी दोन्ही ओढून नेते, पण जोर कमी झाला की सोनं आधी खाली बसतं. म्हणून ते वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या मागे, खडकाच्या भेगांत आणि काठावरच्या झाडांच्या मुळांत अडकतं. वरची वाळू कितीही उपसा, हाती वाळूच येणार. जाणकार माणूस धुण्यात कमी आणि बघण्यात जास्त वेळ घालवतो: पूर आला तेव्हा पाणी कुठून वळलं असेल, कुठे थबकलं असेल.

परात पाण्याखाली धरून आधी डावी-उजवीकडे जोरात हलवायची, म्हणजे जड ते तळाला जातं. मग खाचांची बाजू पुढे करून जराशी कलती धरायची आणि वरचा थर पाण्याला नेऊ द्यायचा. परत हलवा, परत कलती करा. मी जोर लावत होतो आणि परात रिकामी करत होतो. वहिनींनी थोडा वेळ पाहिलं, पदर खोचला आणि परात माझ्या हातातून घेतली. "अहो भाऊजी, तांदूळ रोळतात तसं करायचं. फक्त इथे तांदूळ सोडायचा आणि खडा ठेवायचा." त्यांच्या मनगटाला ते सवयीचं होतं. गोटे गेले, मोठी वाळू गेली, बारीक गेली, आणि खाचेत चमचाभर काळी वाळू उरली. ही काळी वाळू म्हणजे बहुतांशी मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज, साध्या वाळूच्या दुप्पट जड. ती दिसली की समजायचं, सोनं असेल तर आता इथेच.

परातीत घोटभर पाणी घेऊन ते हलकेच गोल फिरवलं की काळी वाळू पंख्यासारखी पसरते आणि मागे रेंगाळतं ते सोनं. तीन कण होते. एक टाचणीच्या डोक्याएवढा, दोन त्याहून बारीक. शेजारच्या दाढीवाल्याने कसं ओळखायचं ते दाखवलं: परातीवर हाताची सावली धर. अभ्रकाचा तुकडा उन्हात लखलखतो, सावलीत विझतो. सोनं सावलीतही पिवळंच राहतं. आणि टाचणीने दाबलं तर माक्षिक, ज्याला इकडे मूर्खांचं सोनं म्हणतात, त्याचा भुगा होतो. सोनं नुसतं दबतं. रबरी बुडाच्या छोट्या बाटलीने कण ओढून घेतले, पाण्याने भरलेल्या काचेच्या कुपीत सोडले. पुतण्याने फोनवर भाव पाहिला आणि फोन खिशात ठेवला. "काका, पार्किंगचे पैसेसुद्धा निघणार नाहीत."

वहिनी कोल्हापूरच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या गुजरीत झारेकरी गटारातला गाळ धुऊन हेच करतात. त्यांचं पोट त्यावर चालतं म्हणून ते काम, आणि आपण पैसे खर्चून करतो म्हणून ही हौस." मला यावर उत्तर सुचलं नाही. सोनारांच्या दुकानातला केर आणि राख विकत घेऊन त्यातून कण काढणारी ही माणसं परात आणि पारा दोन्ही वापरतात. आणि पारा निघाला की या नदीची खरी गोष्ट सुरू होते.

ती मला दाढीवाल्या आजोबांकडून कळली. तरुणपणापासून ते उन्हाळे या डोंगरांतल्या नद्यांमध्ये काढत आले होते. परातीने नव्हे, ड्रेजने. दोन तरंगते हवाबंद डबे, त्यांवर स्कूटरच्या ताकदीचं इंजिन आणि पंप. पंप नदीचं पाणी जोराने एका नळीत सोडतो, त्या झोताने शेजारच्या जाड पायपात ओढ तयार होते. पायपाचं तोंड हातात धरून माणूस रबरी सूट घालून नदीच्या तळाशी उतरतो. श्वासाला वरून हवेची नळी. तो तळाची वाळू आणि गोटे थेट खडकापर्यंत ओढत जातो. सगळा राडा वर पन्हाळीत येतो, तिथल्या आडव्या पट्ट्यांमागे जड ते अडकतं, बाकीचं मागच्या बाजूने परत नदीत. परातीने दिवसभरात बादल्याच भरायच्या, इथे तेवढ्या वेळात घनमीटरच्या हिशोबात तळ उपसून होतो. वर धोंडा सरकून माणूस खाली अडकण्याची भीती, पाणी बर्फाचं. "पण खडक उघडा पडला," आजोबा म्हणाले, "आणि भेगेत पिवळी रेघ दिसली की थंडी वाजत नाही." हे सांगताना त्यांचा हात पाण्याखाली पाइप धरल्यासारखा सरकत होता.

ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने हे ड्रेज बंद केले. आधी तात्पुरते म्हणून, मग एकामागून एक कायदे होत गेले. क्लॅमथ नदीकाठच्या कारुक जमातीने त्याआधीच, सालमन मासे संपत चालले म्हणून, सरकारला कोर्टात खेचलं होतं. खाणकऱ्यांचं म्हणणं होतं की १८७२च्या केंद्रीय खाण कायद्याने त्यांना सरकारी जमिनीवर दावा लावायचा हक्क दिला आहे, राज्याला तो हिरावता येणार नाही. २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: दावा तुमचा, पण काढायची पद्धत राज्य ठरवू शकतं. (तो दावा लावायलाही अमेरिकेचं नागरिक असावं लागतं, निदान नागरिक होण्याचा इरादा तरी जाहीर केलेला असावा लागतो. हे ऐकून ग्रीनकार्डच्या रांगेत बारा वर्षं उभ्या असलेल्या आमच्या पुतण्याने हात जोडले.)

आजोबांचा युक्तिवाद मला सुरुवातीला पटला. ते म्हणाले, आम्ही तर नदी साफ करतो. पन्हाळीत सोन्याबरोबर मासेमारीची शिशाची वजनं सापडतात, जुन्या बंदुकीच्या गोळ्या सापडतात आणि पारा सापडतो. तो आम्ही बाहेर काढतो. नाहीतर कोण काढणार?

पारा तिथे आला कसा, ते आधी सांगतो. नदीतलं वरवरचं सोनं काही वर्षांत संपलं. १८५३ पासून लोकांनी अख्ख्या टेकड्यांवर तोफेसारख्या नळांतून पाण्याचे झोत सोडून त्या वितळवायला सुरुवात केली. तो चिखल लांबच लांब लाकडी पन्हाळींतून जाई आणि पन्हाळीत पारा ओतलेला असे. पारा सोन्याच्या बारीक कणांना धरून ठेवतो. नंतर तापवला की पारा उडतो, सोनं उरतं. पण वाहत्या चिखलाबरोबर पाराही वाहून जाई. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार या धुण्यात साडेचार हजार टनांच्या आसपास पारा नद्यांमध्ये गेला. खालच्या शेतांत इतका गाळ साचला की शेतकरी कोर्टात गेले, आणि १८८४ साली न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी तो गाळ नदीत सोडायला बंदी केली. पर्यावरणासाठी एवढा मोठा धंदा बसवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या निकालांत तो मोजला जातो. आणि हा पारा मोठ्या प्रमाणात यायचा कुठून? सॅन होजेच्या दक्षिणेच्या न्यू अल्माडेन खाणीतून. तिथे आता उद्यान आहे आणि पुतण्या रविवारी तिथे सायकल चालवतो.

आता आजोबांच्या मुद्द्याकडे. राज्याच्या जलमंडळाने हीच गोष्ट तपासून पाहिली, तीही याच दक्षिण फाट्यात. पारा साचलेल्या एका जागी ड्रेज लावला आणि हिशोब ठेवला. अहवाल २००५ साली आला. ड्रेजने सुमारे ९८ टक्के पारा पकडला. आजोबांचं खरंच होतं! पण उरलेले दोन टक्के पन्हाळीत आपटून इतके बारीक फुटले की पाण्यात तरंगू लागले. मागून बाहेर पडलेल्या गाळात पाऱ्याचं प्रमाण घातक कचऱ्याच्या मर्यादेच्या दहा पटींहून जास्त निघालं. तळाशी थेंब होऊन पडलेला पारा तसा निपचित असतो. तोच भुकटी होऊन खाली खाडीच्या दलदलीत पोचला की तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते लहान माशात, मग मोठ्या माशात आणि मग माणसात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतले कुठले मासे किती खावेत, गरोदर बाईने कुठले टाळावेत, याच्या सरकारी सूचना आहेत. त्यांमागे मुख्य कारणांपैकी एक म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा हा पारा.

म्हणून मला वाटतं बंदी बरोबर आहे. ड्रेजवाला वाईट माणूस नसतो, उलट नदी त्याच्याइतकी कुणाला कळत नाही. पण तळाशी जे पुरलं गेलं आहे ते इंजिन लावून ढवळण्याचा हक्क कुणाच्या छंदाला देता येत नाही. परातीने माणूस वरची वीतभर वाळू हलवतो, पुढच्या पुरात नदी ती पुन्हा लावून घेते. आजोबांना मी हे बोललो नाही. त्यांचा ड्रेज घरामागे ताडपत्रीखाली आहे आणि विकायला त्यांचं मन होत नाही, एवढं त्यांनी सांगितलं होतं.

नदीतलं सोनं संपलेलं मात्र नाही. २०२३च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियावर वादळांमागून वादळं आली, डोंगरांचे कडे कापले गेले आणि उन्हाळ्यापर्यंत इथल्या काठांवर हौशी लोकांची झुंबड उडाली. कॅलिफोर्नियात नातेवाईक असतील आणि तिकडे जाणं होणार असेल, तर कोलोमाला एक दिवस जरूर द्या. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी पाय बधिर करतं, सप्टेंबर बरा. वरच्या धरणातून वीज आणि राफ्टिंगसाठी पाणी सोडतात, पातळी बघता बघता चढते, तेव्हा मुलांना काठाच्या बाजूला ठेवा. गावात लाकडी कुंडांमध्ये परात चालवायला शिकवतात, आधी तिथे हात बसवून घ्या. उद्यानाबाहेर काठावर कुणाचा दावा लागलेला नाही ना, हे विचारल्याशिवाय वाळूला हात लावू नका; दुसऱ्याच्या दाव्यावर धुणं ही तिकडे चोरी धरतात. आणि परातीच्या तळाशी चंदेरी थेंब दिसला, किंवा सोन्याचा कण पांढुरका निघाला, तर तो बोटाने चोळू नका आणि घरी आणून गॅसवर तर मुळीच तापवू नका, कारण ती वाफ विषारी असते. झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा आणि घातक कचरा गोळा करणाऱ्या स्थानिक केंद्रात नेऊन द्या.